संगणकातील कीर्द-खतावणी : बदलाचे तंत्र आणि बदलाची मर्यादा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बेरीज-वजाबाकी शिकलो, त्याच शाळेच्या सभागृहात, ज्या सरांनी ती शिकविली त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आज मला उभे केले आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांवर मोठमोठी माणसे बोलून गेली. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. गेली तीस वर्षे मी दुकानदारांच्या आणि कारखानदारांच्या हिशेबाच्या संगणक आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, त्यांच्या गरजेप्रमाणे बदलून देत आलो आहे. शिंप्याने तयार कपडा आणून त्याच्या बाह्या कमीजास्त करून द्याव्यात, तसा हा धंदा. त्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे मी चिटणीसांना म्हणालोही. परंतु नंतर मनात आले की सरांनी जे शिकविले ते मी जेथे विसरलो आणि जेथे ते मला पुन्हा सापडले, ती जागा हीच आहे. तेव्हा बोलायचे तर याविषयीच बोलावे.

सरांचा तास म्हणजे गणिताचा. फळ्यावर उदाहरण सोडवून, उत्तराखाली दोन रेघा मारून जागेवर बसणाऱ्या मुलाला ते परत उभे करीत आणि विचारीत, “उत्तर बरोबर आहे, हे तुला कसे कळले?” पुस्तकामागे उत्तर दिले आहे, हे कारण त्यांना चालत नसे. ताळा करून दाखवावा लागे. गुणाकाराचा ताळा भागाकाराने, वजाबाकीचा बेरजेने. ताळा करण्यात तासाचा निम्मा वेळ जातो म्हणून आम्ही कुरकुरत असू. पुढे व्यापारी जगात आल्यावर पाहिले की वर्षाअखेरच्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाला आपल्या भाषेत ताळेबंदच म्हणतात. आणि या देशात हिशेबाची जी संगणकप्रणाली घरोघर पोहोचली तिचे ‘टॅली’ हे इंग्रजी नावही जुळवून पाहणे याच अर्थाचे आहे. असो.

व्यवसाय-व्यवस्थापनाची तयार प्रणाली म्हणजे छापील पावतीपुस्तकासारखी वस्तू आहे. छापणाऱ्याने शेकडो गिऱ्हाइकांचा विचार करून रकाने आखलेले असतात. माल, नग, दर, रक्कम, कर. परंतु प्रत्येक धंद्याची रीत निराळी. आपल्या वडगाव-शहापूरच्या विणकराचा हिशेब साडीवर चालतो, कुंदा विकणाऱ्या मिठाईवाल्याचा किलोवर आणि डब्यावर, आणि उद्यमबागेतील ओतशाळेचा तर एकाच वेळी नगावर आणि किलोवर. मग गिऱ्हाईक म्हणते, “एवढा एक रकाना वाढवून द्या.” त्या एका रकान्यात काय काय दडलेले असते, ते मला १९९६ साली समजले.

बीडाचे ओतकाम करणारी ती एक ओतशाळा. तिचे नाव मी घेत नाही. तेथे येणारी मागणी नगांची असे, अमुक पंपाची इतकी आवरणे. मात्र दर ठरलेला असे किलोला. आज्ञावली फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली होती आणि विकणाऱ्याने तिची मूळ संहिताही सोबत दिली होती. तिच्यात प्रत्येक वस्तूचे एक प्रमाण वजन नोंदलेले असे. ज्या वस्तूची ही गोष्ट आहे तिचे प्रमाण वजन होते १२ किलो. साच्यातून नग निघाले की कारकून नगांची संख्या भरी, आज्ञावली तिला बाराने गुणून तेवढे किलो साठ्यात जमा करी. माल बाहेर पडला की पुन्हा बाराने गुणून तेवढे किलो वजा करी आणि बिलही त्याच वजनाचे होई. दोन्हीकडे बाराच असल्याने कोठे बिघडत नव्हते.

पुढे मोठ्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की आमच्या काट्यावर माल कमी भरतो, बिल प्रत्यक्ष वजनाचे हवे. तक्रार रास्त होती. साचा सुधारल्यामुळे नग सरासरी ११ किलो ६०० ग्रॅमचा झाला होता. मालकांनी मला बोलावले. मी एका दुपारी बिलाच्या आज्ञावलीतील ती गुणाकाराची ओळ खोडली आणि तेथे काट्यावरचे वजन भरण्याची सोय केली. दोन बिले छापून दाखविली. मालक खूष झाले, मला माझे पैसे मिळाले आणि मी घरी गेलो.

सहा महिन्यांनी साठ्याची मोजदाद झाली, तेव्हा पुस्तकापेक्षा सुमारे २,४०० किलो माल कमी भरला. बीडाचा भाव धरला तर रक्कम लहान नव्हती. कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्या वयस्क गृहस्थांना सगळे मामा म्हणत. संशय त्यांच्यावर गेला. कोणी चोर म्हटले नाही. “थोडे दिवस घरी राहा” एवढेच सांगितले. आपल्याकडे ते पुरेसे असते. मला बोलावले ते संगणकाचे कागद पुरावा म्हणून छापून देण्यासाठी. मामा दाराशी उभे होते. ते मला म्हणाले, “मी नग मोजून घेतो, नग मोजून देतो की वो, साहेब. ते किलो कुठनं आलं, मला काय ठाऊक?”

त्या वाक्याने मी थबकलो. त्या रात्री घरी बसून मी सहा महिन्यांत बाहेर गेलेले नग मोजले. ते सुमारे ६,००० भरले. २,४०० ला ६,००० ने भागले. नगामागे ४०० ग्रॅम. बारा किलो वजा अकरा किलो सहाशे. माल कोठेच गेलेला नव्हता. साठ्यात शिरताना प्रत्येक नग बारा किलोचा धरला जात होता आणि बाहेर पडताना अकरा-सहाशेचा. प्रत्येक नगामागे चारशे ग्रॅम बीड, जे कधी भट्टीतून ओतलेच गेले नाही, ते माझ्या आज्ञावलीने कोठारात ठेवले होते. एक साधा भागाकार, आणि तो करायला मला सहा महिने लागले, आणि तोही एका माणसाला तीन आठवडे घरी बसावे लागल्यानंतर. दुसऱ्या दिवशी मी मालकांपुढे चूक कबूल केली. मामा कामावर परत आले. माझ्यावर ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

चूक कोणती होती? गुणाकाराची ओळ बदलणे ही चूक नव्हे. ती बदलायलाच हवी होती. वजन हा आकडा त्या प्रणालीत कोठे कोठे जन्म घेतो आणि कोठे कोठे खर्ची पडतो, हे न पाहता मी त्याच्या एका टोकाला हात घातला, ही पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. मी मूळ आज्ञावलीच बदलून टाकली होती आणि जुनी प्रत ठेवली नव्हती. त्यामुळे जुने गणित आणि नवे गणित शेजारी ठेवून पाहण्याचा मार्गच मी बंद केला होता. ताळा करायला दोन उत्तरे लागतात. माझ्याकडे एकच उरले होते.

बदल किती खोलवर करायचा, हा या धंद्यातील खरा प्रश्न आहे. सर्वांत वरचा बदल म्हणजे आज्ञावलीला हातच न लावता तिच्या कोष्टकांत बदल करणे. कराचे दर हे याचे उत्तम उदाहरण. पूर्वी आमच्यापैकी पुष्कळांनी विक्रीकराचा दर सरळ आज्ञावलीच्या पोटात लिहून ठेवलेला असे. कर्नाटकात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला तेव्हा अशा ओळी शोधण्यात आमच्या किती रात्री गेल्या ते आम्हालाच ठाऊक. शहाण्याने दरांचे वेगळे कोष्टक करावे आणि प्रत्येक दरापुढे ‘कोणत्या दिनांकापासून’ हा रकाना ठेवावा. बिल करताना आज्ञावलीने बिलाच्या तारखेचा दर तेथून उचलावा आणि, हे पुष्कळजण विसरतात, तो दर बिलाच्या ओळीतही लिहून ठेवावा. ओतकामातील दोष कित्येकदा गिऱ्हाइकाच्या यंत्रावर नग कातल्यानंतरच उघडा पडतो, आणि माल तीन-चार महिन्यांनी परत येतो. मधल्या काळात दर बदललेला असला तरी जमाचिठ्ठी मूळ बिलाच्या दरानेच झाली पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि अबकारी शुल्क, मूल्यवर्धित कर असे अनेक कर त्यात विलीन झाले; पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक वस्तूंचे दर पुन्हा बदलले. २०१७ चा बदल केवळ दराचा नव्हता, कराची घडणच पालटली होती, म्हणून त्या वेळी कोष्टकवाल्यांनाही कष्ट पडले. परंतु २०२५ साली ज्यांच्याकडे दिनांकाचा रकाना होता त्यांचे काम एका बैठकीत आटोपले.

कोष्टकाने भागत नाही तेव्हा आज्ञावली लिहावी लागते. परंतु ती मूळ आज्ञावलीत मिसळावी की तिच्या शेजारी ठेवावी? जर्मनीत आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने याची जी घडी बसविली, ती मला फार शिकवून गेली. मोठमोठे कारखाने ही प्रणाली वापरतात. तिच्या मूळ आज्ञावलीत कंपनीने ठिकठिकाणी मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. विक्रीची मागणी जतन करण्यापूर्वी मूळ आज्ञावली अशा एका रिकाम्या उपप्रकरणाला हाक मारते. तेथे काही लिहिलेले नसेल तर तशीच पुढे जाते, गिऱ्हाइकाने काही लिहिले असेल तर ते पार पाडते. आपल्या हजेरीपटात शेवटी ‘शेरा’ हा रकाना असतो ना, तसेच हे. मुख्य रकाने खात्याचे, शेरा वर्गशिक्षकाचा. शिवाय गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्यांची नावे इंग्रजी वर्णमालेतील वाय किंवा झेड या अक्षरांनी सुरू व्हावीत असा दंडक आहे. कंपनी आपल्या वस्तूंना ती अक्षरे देत नाही, त्यामुळे नवी आवृत्ती आली तरी दोघांची नावे एकमेकांवर आदळत नाहीत. आणि मूळ आज्ञावलीच बदलायचा हट्ट असेल तर? त्यासाठी पूर्वापार कंपनीकडून एक परवाना-क्रमांक मागून घ्यावा लागे. म्हणजे दार बंद नव्हते, पण उघडणाऱ्याची नोंद होत असे. नवी आवृत्ती बसविताना अशा प्रत्येक बदलाची यादी पुढे येते, आणि तो ठेवायचा की सोडायचा याचा निर्णय एकेक करून घ्यावा लागतो. १९९६ साली मला कोणी असा क्रमांक मागायला लावला असता, तर त्या दुपारी मी निदान एकदा थांबलो असतो.

आता टॅलीकडे वळतो, कारण येथे बसलेल्या व्यापारी बंधूंचा संबंध तिच्याशी अधिक. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला जुळेल अशी हिशेबाची प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ती लिहिली. १९८६ पासूनचा हा इतिहास आहे. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. या प्रणालीत बदल करण्यासाठी तिची स्वतःची एक भाषा आहे, टीडीएल. तिच्यात पडद्यावरचा प्रत्येक कागद उलगडून मांडलेला असतो : अहवालात नमुना, नमुन्यात भाग, भागात ओळी, ओळींत रकाने. बिलात एक रकाना वाढवायचा तर सबंध बिल पुन्हा लिहावे लागत नाही. ज्या ओळीत भर घालायची तिच्या नावाआधी # हे चिन्ह लिहून आपली भर सांगायची. मूळ व्याख्या जागच्या जागी राहते, आपली भर वेगळ्या फाइलीत राहते. तीच व्याख्या पुसून नवी करायची असेल तर * हे चिन्ह. आणि काही अट पुरी झाल्यासच लागू व्हावी असे असेल तर!. मी नव्या मुलांना सांगतो, तुमच्या फाइलीत * किती आणि # किती ते मोजा. * जास्त दिसले तर तुम्ही भर घालीत नसून दुसऱ्याचे घर पाडीत आहात.

याच भाषेत मी त्याच ओतशाळेसाठी २०१० च्या सुमारास काम केले. प्रत्येक ओतिवावर ज्या भट्टीच्या ओतपातून तो निघाला तिचा हीट नंबर उमटवलेला असतो. दोष निघाला तर त्या हीटचे बाकीचे नग कोठे गेले हे कळले पाहिजे. म्हणून बिलाच्या ओळीत हीट नंबर हवा होता. मी टीडीएलमध्ये नवा रकाना तयार केला. अशा स्वनिर्मित रकान्याला नावाबरोबर एक क्रमांक द्यावा लागतो, आणि माहिती खरी साठते ती क्रमांकाच्या आधारे. माझ्या आधी दुसऱ्या कोणी लॉरीच्या नंबरासाठी असाच रकाना केला होता आणि दैवयोगाने क्रमांक तोच. आठ दिवसांनी हीट नंबराच्या जागी लॉऱ्यांचे नंबर छापून येऊ लागले. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे असे क्रमांक एका वहीत लिहून ठेवतो.

खरी गंमत पुढेच आहे. दोनएक वर्षांनी मला उमगले की हीट नंबरासाठी रकाना तयार करण्याची मुळात गरजच नव्हती. औषधांच्या व्यापाऱ्यांसाठी असते तशी ‘बॅच’ची सोय त्या प्रणालीत आधीपासून होती. ती सुरू केली असती की झाले. हीट म्हणजे ओतशाळेची बॅचच. तिच्यामुळे कोणत्या हीटचे किती नग शिल्लक आहेत हेही आपोआप कळले असते. माझा रकाना नुसताच छापला जात होता, तो साठा मोजीत नव्हता. एकाच वस्तूला नग आणि किलो अशी दोन मापे देण्याची सोयही तेथे होतीच. ज्याला आज्ञावली लिहिता येते त्याला प्रत्येक गरज आज्ञावलीची वाटते. गिऱ्हाईक ज्या शब्दात मागते तो शब्द प्रणालीत नसतो, वस्तू मात्र दुसऱ्या नावाने असू शकते. हा भाषांतराचा प्रश्न आहे, आणि कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणाऱ्या आपल्या बेळगावकरांना तो नवा नसावा.

काही बदल मात्र नाकारावे लागतात. लिडल या जर्मन दुकानसाखळीने सॅपवर आधारलेल्या नव्या प्रणालीचे काम सुमारे सात वर्षे चालविले आणि २०१८ च्या जुलैत ते सोडून दिले. खर्च ५० कोटी युरोंच्या आसपास गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले. जी कारणे सांगितली गेली त्यांत एक असे होते की लिडल आपल्या साठ्याचे मोल खरेदीच्या किमतीने धरीत असे आणि मूळ प्रणाली विक्रीच्या किमतीने. रीत सोडायची नाही म्हणून प्रणाली वाकवीत गेले. यावरून ‘धंद्याने आपल्या रीती सोडाव्यात आणि प्रणाली सांगेल तसे वागावे’ असा निष्कर्ष सल्लागार मंडळी काढतात. मला तो अर्धाच पटतो. ओतशाळेने किलोचा दर सोडून नगाचा दर घ्यावा असे कोणी सांगितले तर ते अज्ञान होय. बीड किलोनेच विकत मिळते, कोळसा किलोमागेच जळतो. परंतु त्याच ओतशाळेत बिलाच्या कोपऱ्यात मालकांच्या वडिलांच्या सोयीसाठी एक बेरीज उलट्या क्रमाने छापली जात असे. वडील वारल्यावरही ती तीन आवृत्त्यांत मी इमानाने वाहून नेली. धंद्याचा स्वभाव कोणता आणि नुसती सवय कोणती, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

आता सरांच्या ताळ्याविषयी. आज मी कोणताही बदल करतो तो जुन्या प्रतीच्या शेजारी. मागच्या महिन्याचे खरे व्यवहार घेतो, बिले, परत आलेला माल, उत्पादन, सगळे. आणि ते दोन्ही प्रतींतून चालवितो. मग अहवाल ओळीला ओळ लावून पाहतो. पुष्कळांना वाटते की यात अपेक्षित फरक दिसला म्हणजे काम झाले. तसे नाही. अपेक्षित फरकाखेरीज अन्यत्र काहीही हललेले नाही, हे पाहणे अधिक मोलाचे. आणि जेथे हलायला हवे होते तेथे काही हलले नसेल तर तेही तितकेच वाईट. १९९६ साली मी असा ताळा केला असता तर वजनाचा बदल बिलात दिसला असता आणि उत्पादनाच्या अहवालात नसता, आणि ते न बदललेले बाराच मला सारे सांगून गेले असते. शेजारी मी कारणही लिहून ठेवतो : कोणी मागितले, कधी, कशासाठी. डॉसच्या काळात देवनागरी उमटत नसे म्हणून या टिपा मी रोमन अक्षरांतून मराठीत लिहीत असे. आज त्या वाचताना माझे मलाच हसू येते, पण कारण समजते.

मामांविषयी एक सांगायचे राहिले. कामावर परत आल्यानंतर त्यांनी स्वतःची एक वही घातली. आत आलेले नग, बाहेर गेलेले नग, शिल्लक नग. किलोचा रकानाच नाही. महिनाअखेरीस ते ती माझ्यापुढे आणून ठेवीत, काही न बोलता. मी आज्ञावलीत नगांचा साठा वेगळा धरू लागलो तो त्या वहीमुळे. २०१० मध्ये ओतशाळा नव्या प्रणालीवर गेली तेव्हा प्रारंभीची शिल्लक भरायची होती. मामा निवृत्तीला आले होते. जुन्या संगणकाचा आकडा आणि वहीचा आकडा यांत त्या वस्तूचा अकरा नगांचा फरक निघाला. मालक म्हणाले, संगणकाचा घ्या. मी म्हटले, आवारात जाऊन मोजू. आम्ही दोघे आणि मामा उन्हात उभे राहून नग मोजले. वही बरोबर होती. अकरा नग बिलाशिवाय नमुना म्हणून गेले होते. मामांच्या वहीत त्यांची तारीखही होती. नव्या प्रणालीत पहिला आकडा भरला गेला तो त्या वहीतला.